न पाहिलेल्या प्राण्याचे चित्र

नागपूरहून उत्तरेकडे निघालेला रस्ता सिवनी आणि लखनादौन मागे टाकून बरगीच्या परिसरात उतरू लागला, की जबलपूर जवळ आल्याची चाहूल लागते. सभोवती सागाची राने, काळ्या दगडाच्या बसक्या टेकड्या आणि रस्त्यापासून काही अंतरावर नर्मदेचे अडविलेले विस्तीर्ण पाणी. १९७४ मध्ये काम सुरू होऊन १९९० मध्ये पुऱ्या झालेल्या बरगीच्या धरणाने ते अडविले आहे. धरणाखाली नदी पुन्हा आपल्या वळणांनी वाहू लागते. ग्वारीघाट, तिलवाराघाट असे एकेक घाट ओलांडून ती लमेटाघाटाशी येते आणि पुढे भेडाघाटच्या संगमरवरी कड्यांत शिरते. प्रवासी भेडाघाटचे शुभ्र कडे पाहून तृप्त मनाने परततात. लमेटाघाटाकडे मुद्दाम वळणारा विरळाच. तथापि जगातील भूशास्त्राच्या ग्रंथांत जे नाव कायमचे कोरले गेले, ते भेडाघाटचे नव्हे, लमेटाघाटाचे होय. दक्षिणेच्या काळ्या पाषाणाखाली, लाव्हारसाचे लोट येण्यापूर्वी साचलेले जे वाळूचे, चुन्याचे व चिकणमातीचे थर आहेत, त्यांना ह्या घाटावरूनच ‘लमेटा’ असे नाव मिळाले. ह्याच थरांत सुमारे पावणेसात कोटी वर्षांपूर्वीच्या प्रचंड सरटांची, म्हणजे डायनोसॉरांची, हाडे दडलेली आहेत.

ह्या प्राण्यांची चित्रे काढणे हा आज जगभर हजारो लोकांचा छंद आहे. शाळकरी मुलाच्या वहीच्या शेवटच्या पानापासून मोठ्या संग्रहालयाच्या भिंतीपर्यंत तो पसरला आहे. वरवर पाहता हा निव्वळ कल्पनेचा खेळ वाटतो. ज्या प्राण्याला कोणाही माणसाने कधी पाहिले नाही, त्याचे चित्र चुकले म्हणून सांगणार तरी कोण? परंतु जबलपूरच्या हाडांचा इतिहास पाहिला म्हणजे ही समजूत बदलावी लागते. न पाहिलेल्या प्राण्याचे चित्रसुद्धा खरे असू शकते, खोटे असू शकते, सुधारता येते. आणि क्वचित प्रसंगी मूळ वस्तू नाहीशी झाली असताना तिची साक्षही देऊ शकते.

प्राण्यांची चित्रे काढण्याची हौस मध्यभारताला नवी नाही. भोपाळजवळील भीमबेटकाच्या शैलाश्रयांत आदिमानवाने रानरेडे, हरणे, हत्ती, वाघ आणि डुकरे रेखाटली आहेत. १९५७ च्या सुमारास ही चित्रे विद्वानांच्या दृष्टीस आणून दिली ती विष्णु श्रीधर वाकणकर ह्यांनी. नीमच येथे जन्मलेला आणि उज्जैनला कर्मभूमी मानणारा हा मराठी पुराविद् स्वतः चित्रकार होता, आणि खडकांवरील असंख्य आकृतींच्या नकला त्यांनी आपल्या हाताने उतरवून घेतल्या. भीमबेटकाच्या चित्रकाराचे भाग्य असे, की त्याने आपला विषय डोळ्यांनी पाहिला होता. रेड्याची मान धावताना कशी झुकते, हरीण उडी घेताना पाय कसे आखडते, हे त्याला शिकारीनेच शिकविले होते. डायनोसॉर रेखाटणाऱ्याला असा गुरू नाही. त्याच्यापुढे असतो तो एखादा मणका, एखादी बरगडी, फार तर मांडीचे एखादे हाड. त्या तुकड्यापासून अख्ख्या प्राण्यापर्यंतचा प्रवास त्याला अनुमानाच्या काठीने करावयाचा असतो.

ह्या प्रवासाचा भारतातील आरंभ जबलपूरलाच झाला, आणि तोही एका ध्यानीमनी नसलेल्या माणसाच्या हातून. १८१७ च्या अखेरीस जबलपूर नागपूरकर भोसल्यांच्या ताब्यातून इंग्रजांकडे गेले. त्यानंतर ह्या भागात आलेल्या अधिकाऱ्यांपैकी विल्यम हेन्री स्लीमन हा एक. ठगांचा बंदोबस्त करणारा म्हणून त्याचे नाव इतिहासाला परिचित आहे. ह्याच स्लीमनला अश्मीभूत लाकडाचे तुकडे गोळा करण्याचा नाद होता. १८२८ मध्ये जबलपूरच्या कुशीतील बडा सिमला नावाच्या टेकडीवर असाच शोध घेत असता त्याला दगड बनलेली दोन हाडे सापडली. ती शेपटीतील मणक्यांची होती. ती कोणत्या प्राण्याची, हे स्लीमनला कळणे शक्य नव्हते. ‘डायनोसॉर’ हा शब्दच मुळी रिचर्ड ओवेनने १८४२ मध्ये घडविला. इंग्लंडातील मेगॅलोसॉरसचे नामकरण होऊन अवघी चार वर्षे लोटली होती. युरोपच्या बाहेर अशी हाडे सापडल्याच्या अगदी आरंभीच्या प्रसंगांत जबलपूरच्या ह्या शोधाची गणना करावी लागते.

पुढची हकीकतही हौशी माणसांचीच आहे. स्लीमनने आपला ठेवा जबलपूरच्या स्पिल्सबरी नावाच्या डॉक्टराकडे दिला. स्पिल्सबरीने स्वतःही त्या टेकडीत शोध घेतला आणि १८३२ मध्ये हाडे कलकत्त्याला जेम्स प्रिन्सेपकडे पाठविली. प्रिन्सेप हा टाकसाळीतील धातुपरीक्षक. पुढे १८३७ मध्ये ब्राह्मी लिपीचे वाचन सिद्धीस नेऊन ज्याने अशोकाला बोलते केले, तोच हा प्रिन्सेप. एक फौजी अधिकारी, एक वैद्य आणि एक टाकसाळीतला अंमलदार. तिघांपैकी एकाचाही व्यवसाय प्राचीन प्राण्यांचा अभ्यास हा नव्हता. तरीही ह्या तिघांच्या हातांतून ती हाडे सुखरूप गेली नसती, तर भारतातील डायनोसॉरांच्या इतिहासाचे पहिले पानच कोरे राहिले असते.

ह्याच सुमारास युरोपात, हाडांवरून जिवंत प्राणी कागदावर उभा करण्याचा प्रघात सुरू झाला. १८३० मध्ये हेन्री डी ला बीश ह्या भूशास्त्रज्ञाने इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर मेरी ॲनिंग ह्या गरीब घरच्या स्त्रीने शोधून काढलेल्या सागरी सरटांचे एक चित्र रंगविले. त्यात ते प्राणी पोहत होते, एकमेकांना गिळत होते, आकाशातून पंखधारी सरट उडत होते. त्याच्या छापील प्रती विकून आलेला पैसा ॲनिंगला देण्यात आला. लुप्त प्राण्यांच्या चित्रकलेचा उगम अशा रीतीने एका उपकाराच्या फेडीत आहे, ही गोष्ट लक्षात ठेवण्यासारखी आहे.

पुढे १८५४ मध्ये लंडनच्या सिडनहॅम उपनगरातील क्रिस्टल पॅलेसच्या उद्यानात वॉटरहाउस हॉकिन्सने ओवेनच्या सल्ल्याने डायनोसॉरांच्या पूर्णाकृती उभ्या केल्या. त्यांतील इग्वानोडॉन हा गेंड्यासारखा चार पायांवर उभा असून त्याच्या नाकावर एक शिंग आहे. हाडांत सापडलेला एक टोकदार तुकडा नाकाखेरीज कोठे बसावा, हे तेव्हा कोणाला सुचले नव्हते. १८७८ मध्ये बेल्जममधील बेर्निसार येथील कोळशाच्या खाणीत त्याच प्राण्याचे अनेक सांगाडे मिळाले आणि ते शिंग नाकावरून उतरले; ते प्राण्याच्या अंगठ्याचे होते! तरीही हॉकिन्सच्या त्या आकृती पाडून टाकण्याचे कोणाच्या मनात आले नाही, आणि ते योग्यच झाले. १८५४ मधील माणसाला काय ठाऊक होते, ह्याचा तो प्रामाणिक दाखला आहे.

लुप्त प्राण्याचे प्रत्येक चित्र म्हणजे असा एक दिनांकित दस्तऐवज असतो. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात अमेरिकेतील चार्ल्स नाइट आणि पुढे चेकोस्लोव्हाकियातील झ्देनेक बुरियान ह्यांच्या कुंचल्यांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या मनांत हे प्राणी वसविले. नाइटची दृष्टी अतिशय अधू होती. तरी प्राणिसंग्रहालयात तासन्‌तास जिवंत जनावरांची रेखाटने करून मगच तो मृत जनावरांकडे वळे. ह्या थोर चित्रकारांच्या बहुतेक चित्रांत डायनोसॉर आपली जड शेपटी जमिनीवरून ओढीत चालतात. परंतु दगडांत उमटलेल्या पावलांच्या माळांतून शेपटी ओढल्याची रेघ सहसा दिसत नाही. १९६९ मध्ये जॉन ऑस्ट्रमने डायनोनिकस ह्या चपळ प्राण्याचे वर्णन प्रसिद्ध केले. त्यानंतर ही शेपटी चित्रांतून हळूहळू जमिनीवरून उचलली गेली आणि पाठीच्या रेषेत ताठ झाली.

आता पुन्हा जबलपूरच्या मणक्यांकडे वळावयाचे. ह्यू फाल्कनरने त्यांचा अभ्यास केला, आणि १८७७ मध्ये भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील रिचर्ड लायडेकरने त्या प्राण्याला ‘टायटॅनोसॉरस इंडिकस’ असे नाव दिले. ग्रीक पुराणांतील टायटन ह्या महाकाय देवतांवरून घेतलेले हे नाव. ह्या मणक्याची घडण मोठी चमत्कारिक आहे. त्याचा पुढचा भाग वाटीसारखा खोलगट, तर मागचा भाग गोळ्यासारखा फुगीर. एका मणक्याचा गोळा पुढल्याच्या वाटीत बसावा आणि सारी शेपटी उखळीच्या सांध्यांची एक साखळी व्हावी, अशी ही रचना. एवढ्यावरून चित्रकाराला काय काढता येईल? शेपटी लवचीक होती, एवढे निश्चितपणे म्हणता येईल. मान किती लांब, डोके केवढे, पाय कसे, ह्यांविषयी ते दोन मणके मौन पाळतात. पुढे अशाच घडणीचे मणके दक्षिण अमेरिकेत, आफ्रिकेत, युरोपात सापडत गेले. जे लक्षण एका प्राण्याचे म्हणून वर्णिले, ते एका मोठ्या कुळाचे ठरले. म्हणून २००३ मध्ये विल्सन आणि अपचर्च ह्या अभ्यासकांनी असा निर्णय दिला, की केवळ ह्या मणक्यांवरून एक स्वतंत्र जाती ओळखणे शक्य नाही. कुळाचे नाव राहिले. ज्याच्यावरून ते पडले, त्या मूळ पुरुषाची ओळख मात्र पुसट झाली.

जबलपूरचा दुसरा धडा ह्याहून बोधप्रद आहे. १९१७ ते १९१९ ह्या काळात चार्ल्स मॅटली ह्याने भूवैज्ञानिक सर्वेक्षणातील दुर्गाशंकर भट्टाचार्जी ह्यांच्या साहाय्याने बडा सिमला टेकडीत पद्धतशीर खोदकाम केले. तोफगाड्यांच्या कारखान्याशेजारच्या त्या उतारावरून हाडांचा मोठा साठा निघाला. त्यात कंबरेची व पायाची काही हाडे होती आणि त्यांच्याबरोबर चिलखताच्या पत्र्यांसारखे अनेक अस्थिमय तुकडेही होते. मॅटलीने ही सारी एकाच प्राण्याची समजली आणि १९२३ मध्ये ‘लॅमेटासॉरस’ ह्या नावाने एका चिलखतधारी डायनोसॉराचे वर्णन केले. त्या दिवसांत एखाद्या हौशी चित्रकाराने ते वर्णन समोर ठेवून चित्र काढले असते, तर अंगभर ढाली ल्यालेला, गवत्या स्वभावाचा एक संथ प्राणी कागदावर उतरला असता. परंतु १९३५ मध्ये डी. के. चक्रवर्ती ह्यांनी शंका काढली, की कंबर आणि पाय हे मांसाहारी प्राण्याचे दिसतात. मग हे चिलखत त्याचे कसे? कालांतराने त्यांचेच म्हणणे बहुतेकांना पटले. एकाच खड्ड्यात निरनिराळ्या प्राण्यांची हाडे मिसळली होती. पुढे टायटॅनोसॉरांच्याच काही जातींच्या कातडीत असे अस्थिमय तुकडे असत, असे अन्य देशांतील अवशेषांवरून दिसून आले. तेव्हा ते चिलखत शिकाऱ्याचे नसून भक्ष्याचे असावे, हा तर्क पुढे आला. एका चित्रातील चिलखत काढून दुसऱ्या चित्रातील प्राण्याच्या पाठीवर ठेवावे लागावे, असा हा प्रकार!

मॅटली १९३२-३३ मध्ये पुन्हा जबलपूरला आला. १९३३ मध्ये जर्मन पंडित फ्रीड्रिख फॉन ह्यूने ह्याच्यासह त्याने मध्यप्रांतातील डायनोसॉरांवर जो ग्रंथ प्रसिद्ध केला, तो आजही ह्या विषयाचा पाया समजला जातो. त्या वेळी जबलपूर आणि नागपूर एकाच प्रांतात होते, आणि भूमीच्या पोटातही त्यांचे नाते तुटलेले नाही. लमेटाचे थर जबलपूरहून दक्षिणेकडे तुटक तुटक दिसत चंद्रपूर जिल्ह्यातील वरोऱ्यापर्यंत येऊन पोहोचतात. तेथे डोंगरगाव व पिसदुरा ही दोन लहानशी गावे आहेत. डायनोसॉरांच्या चित्रकाराला त्यांची नावे तोंडपाठ असावीत अशी.

डोंगरगावच्या टेकडीत १९८० नंतरच्या दशकात भारतीय सांख्यिकी संस्थेच्या अभ्यासकांना एका टायटॅनोसॉराचा बराचसा सांगाडा मिळाला. १९९७ मध्ये सोहनलाल जैन आणि शाश्वती बंद्योपाध्याय ह्यांनी त्याचे वर्णन केले, आणि २००३ पासून तो त्या संस्थेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून ‘आयसिसॉरस’ ह्या नावाने ओळखला जातो. मानेचे, पाठीचे, शेपटीचे मणके, बरगड्या, खांदा, पुढचा पाय, कंबर एवढे भाग हाती आले. डोके आणि मागचे पाय मात्र सापडले नाहीत. आखूड मान, लांब पुढचे पाय आणि त्यामुळे तरसासारखी मागे उतरणारी पाठ, असे त्याचे रूप रेखाटण्यात येते. ह्या रूपातील मान व पुढचा पाय हाडांच्या आधाराने काढलेले असतात. डोके हे त्याच्या दूरच्या नातलगांकडून उसने आणलेले असते. जाणता चित्रकार अशा वेळी प्रथम सांगाड्याची आकृती काढतो. मिळालेली हाडे तो पांढरी ठेवतो व न मिळालेली करड्या छायेने दाखवितो. मग हाडांवरील खडबडीत जागा पाहून स्नायू कोठे चिकटले असतील ते ठरवितो, आणि कातडे सर्वांत शेवटी चढवितो. ह्या क्रमाने गेलेला हात चुकला तरी कोठे चुकला हे दुसऱ्याला शोधता येते.

पिसदुऱ्याचे महत्त्व आणखीच आगळे आहे. नागपूरला १८४५ मध्ये आलेला पाद्री स्टीफन हिस्लॉप ह्याने ह्या भागातील अश्मावशेषांकडे विद्वानांचे लक्ष वेधले. पिसदुऱ्याच्या शेतांतून हाडांबरोबरच अश्मीभूत विष्ठेचे गोळे पुष्कळ सापडतात. कोणासही किळसवाणी वाटावी अशी ही वस्तू. परंतु तिनेच जगातील चित्रकारांचा एक जुना नियम मोडला. तो नियम असा, की डायनोसॉरांच्या चित्रात गवत काढावयाचे नाही. गवताचा उदय डायनोसॉर नष्ट झाल्यानंतर झाला, अशी सर्वमान्य समजूत होती. त्यामुळे ज्या चित्रात डायनोसॉरांच्या पायांखाली हिरवळ दिसे, त्या चित्रकाराला जाणकार हसत. २००५ मध्ये वंदना प्रसाद, कॅरोलिन स्ट्रॉमबर्ग, अशोक साहनी आणि त्यांचे सहकारी ह्यांनी पिसदुऱ्याच्या विष्ठाश्मांतून गवताच्या पेशींत तयार होणारे सिलिकेचे सूक्ष्म कण शोधून काढले. ते एकाच प्रकारच्या गवताचे नव्हते; निदान पाच निरनिराळ्या प्रकारांचे होते, आणि त्यांत तांदूळ व बांबू ह्यांच्या गोतावळ्याशी जवळीक असलेलेही होते. टायटॅनोसॉरांनी ताड-माड, सूचिपर्णी वृक्ष ह्यांच्याबरोबर गवतही खाल्ले होते. ह्याचा अर्थ तेव्हा आजच्यासारखी कुरणे पसरली होती असा नव्हे. गवत हा त्यांच्या आहाराचा एक अंशच होता. तरीही वरोरा तालुक्यातील एका खेड्याच्या मातीने चित्रकाराच्या हातात हिरव्या रंगाचे चार फटकारे परत दिले, हे खरेच. आता भारतीय डायनोसॉरांच्या पायांशी गवताची झुडपे काढणाऱ्या मुलाला कोणी चूक म्हणू शकणार नाही.

झाडांविषयीही असाच आधार जवळपास उपलब्ध आहे. बरगीच्या जलाशयाच्या वरच्या अंगाला, दिंडोरी जिल्ह्यातील घुघुवा येथे अश्मीभूत वृक्षांचे राष्ट्रीय उद्यान १९८३ मध्ये घोषित झाले. तेथे ताडवर्गीय झाडांचे बुंधे, पाने, फळे दगडरूपाने पडून आहेत. लाव्हारसाच्या युगातील ही वनश्री आहे. पार्श्वभूमीवर वडपिंपळ रंगविण्याचा मोह टाळून ज्याला त्या काळाच्या आसपासची झाडे हवी असतील, त्याला ती पुस्तकांत शोधण्याचे कारण नाही. स्लीमन ज्या अश्मीभूत लाकडाच्या शोधात निघाला होता, त्याचे मोल अशा रीतीने आज उमगते.

कधी कधी निसर्ग स्वतःच चित्र काढून ठेवतो. १९८२ मध्ये जबलपूरलाच अशोक साहनी ह्यांना डायनोसॉरांच्या अंड्यांची घरटी आढळली. नर्मदेच्या खोऱ्यात नंतर अशा घरट्यांची रांगच लागली. २०२३ मध्ये धार जिल्ह्यातून ९२ घरटी आणि २५६ अंडी ह्यांची नोंद प्रसिद्ध झाली. गुजरातेतील ढोली डुंगरी येथे भूशास्त्रज्ञ धनंजय मोहबे ह्यांना अशाच एका घरट्याचा दगड मिळाला होता. त्यातील नाजूक हाडे प्रथम केवळ पिलाचीच वाटली. पुढे जेफ्री विल्सन ह्यांच्या ध्यानात आले, की त्यांत सापाचेही मणके आहेत. नुकतेच बाहेर पडलेले पिलू आणि फुटलेल्या अंड्याभोवती वेटोळे घालून बसलेला साडेतीन मीटर लांबीचा साप, असे ते दृश्य होते. बहुधा वाळूमातीच्या आकस्मिक लोंढ्याने दोघेही जागच्या जागी गाडले गेले. २०१० मध्ये ह्या सापाला ‘सनाजे’ हे नाव मिळाले. ह्या प्रसंगाचे चित्र काढणाऱ्याला मांडणी सुचावी लागत नाही. दगडानेच ती करून ठेवली आहे.

आणि आता त्या साक्षीची गोष्ट. स्लीमनच्या मणक्यांपैकी ज्याच्यावरून टायटॅनोसॉरस हे नाव पडले, तो मूळ मणका कलकत्त्याच्या संग्रहात असावयास हवा होता. परंतु पुढे तो कोणालाच आढळेना. शंभरांहून अधिक वर्षे त्याचा पत्ता नव्हता. ह्या साऱ्या काळात जगातील अभ्यासकांना तो ठाऊक होता तो त्याच्या साच्यांवरून आणि जुन्या ग्रंथांतील वर्णने व आकृती ह्यांवरून. कोणा तरी निनावी नक्षीकाराने दगडी छापावर जी वाटी आणि जो गोळा इमानाने उतरविला, त्याच्या बळावर एक हरवलेले हाड शास्त्राच्या व्यवहारात जिवंत राहिले. २०१२ मध्ये धनंजय मोहबे व शुभाशिष सेन हे कलकत्त्यातील सर्वेक्षणाच्या मुख्यालयात जुन्या संग्रहाची पाहणी करीत असता फाल्कनरच्या ठेव्यात एक मणका त्यांच्या हाती आला. जुन्या लिखाणाशी ताडून पाहता तोच तो स्लीमनचा मणका अशी खात्री पटली. १८२८ मध्ये बडा सिमलाच्या उतारावर सापडलेला भारतातील पहिला डायनोसॉर १८४ वर्षांनी दुसऱ्यांदा सापडला!

जर त्या काळच्या लेखकांनी व चित्रकारांनी आपल्या कल्पनेला मोकळे सोडून त्या मणक्याला अधिक भव्य, अधिक भीषण बनविले असते, तर तो समोर येऊनही ओळखता आला नसता. शास्त्रीय रेखाटनाची प्रतिष्ठा सौंदर्यात नसून इमानात आहे, हे ह्याहून अधिक स्पष्ट कसे व्हावे? आणि हौशी माणसाच्या वाट्याला येणारे कामही तेच आहे. दगड फुटतात, टेकड्यांवर वस्ती चढते, खाणी आणि धरणे जमिनीचे रूप पालटतात, संग्रहातील कपाटांवर धूळ बसते. अशा वेळी गावाजवळच्या ओढ्यात दिसलेले एखादे अश्मीभूत हाड जागचे न हलविता, शेजारी मोजपट्टी ठेवून, दिनांक व ठिकाण लिहून कोणी कागदावर उतरविले आणि जाणत्याला कळविले, तर त्या कागदाची किंमत पुढच्या शतकाला कळेल.

मग कल्पनेला ह्या छंदात स्थान नाही काय? आहे, मात्र तिने आपली जागा ओळखली पाहिजे. एके काळी रंग हा सर्वस्वी कल्पनेचा प्रांत समजला जाई. २०१० मध्ये चीनमधील सायनोसॉरोप्टेरिक्स ह्या लहानशा डायनोसॉराच्या पिसांसारख्या तंतूंत रंगद्रव्याचे सूक्ष्म कण ओळखता आले आणि त्याच्या शेपटीवर तांबूस व पांढरे पट्टे होते असे कळले. कल्पनेच्या राज्याची सीमा अशी थोडी थोडी मागे हटत असते. भारतीय डायनोसॉरांच्या रंगाचा असा पुरावा अद्याप हाती आलेला नाही. तोवर त्यांना हत्तीसारखे राखी रंगवावे की सरड्यासारखे चित्रविचित्र, हे चित्रकाराने खुशाल ठरवावे. अट एवढीच, की जे ठाऊक आहे आणि जे मानले आहे, ह्यांतील भेद त्याच्या स्वतःच्या मनात पुसला जाता कामा नये.

जबलपूरच्या डायनोसॉरांचे चित्र काढू पाहणाऱ्याला सर्वांत कठीण जाते ती गोष्ट प्राण्याची नसून भूमीची आहे. बरगीच्या काठावर उभे राहिले, की ह्या प्रदेशातून नर्मदेला वजा करणे मनाला पटत नाही. परंपरेने तिला चिरंतन मानले आहे. परंतु लाव्हारसाचे थर पसरण्यापूर्वीच्या त्या सपाट प्रदेशात आजची नर्मदा वाहत नव्हती. भेडाघाटचा संगमरवर भूमीत होता. त्याला कापणारी धार अद्याप यावयाची होती. बरगीच्या काळ्या टेकड्या ज्या पाषाणाच्या बनल्या आहेत, तो अजून पृथ्वीच्या पोटात तप्त रसरूपाने होता. तेव्हा इमानी चित्रकाराने कागदावरून प्रथम नदी पुसली पाहिजे, मग टेकड्या पुसल्या पाहिजेत, घाट आणि देवळे तर पुसलीच पाहिजेत. उरेल ती उन्हाने तापलेली लालसर माती, उथळ पाण्याची तळी, ताडांची विरळ रांग, गवताची काही झुडपे. आणि त्यांतून शेपटी उचलून धीमेपणाने चालत येणारा एक प्राणी, ज्याचे डोके अजून तुटक रेषेनेच काढावयाचे आहे.